रिकाम्या पीसीवर संख्यांचे अवयव पाडणं: उपयोग की विजेची नासाडी?

अवयवपाडू
काल 'वायरमन' यांनी लिहिलं: "आरएसए-२५० सारख्या संख्या आता विद्यापीठांच्या क्लस्टरवर फुटतात. घरचा पीसी रात्रभर तापवून एनएफएस ॲट होमसाठी फुकट राबणारे लोक म्हणजे वीज जाळून अंकांची आरती करणारे भक्त." (आरएसए-२५० म्हणजे कूटलेखनाच्या आव्हानातली २५० अंकी संख्या, क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेली अनेक यंत्रं, आणि एनएफएस ॲट होम म्हणजे घरोघरच्या पीसींवर अवयव पाडण्याचं काम वाटून देणारा स्वयंसेवी प्रकल्प.) तिथे दोन ओळी खरडून मन भरेना, म्हणून हा धागा.

२०२० मध्ये ही २५० अंकी संख्या फोडायला, म्हणजे तिचे अवयव पाडायला, सुमारे २७०० कोअर-वर्षं (प्रोसेसरचा एक कोअर वर्षभर चालला की एक) लागली आणि तेवढी यंत्रं संस्थांकडेच असतात, मान्य. पण संस्था विक्रम करतात आणि पुढच्या कामाला लागतात. कनिंगहॅमच्या यादीत उरलेल्या संख्यांचं काय? १९२५ च्या पुस्तकापासून चालत आलेलं काम आहे हे. २ पासून १२ पर्यंतचे ठरावीक पाये घ्या, घात करा, एक मिळवा किंवा वजा करा, अवयव पाडा. त्यासाठी ग्रँट कोण देतंय? २^१०६१ − १ ही ३२० अंकी संख्या २०१२ मध्ये फुटली, ती याच भक्तांच्या चाळणीवर, म्हणजे उपयोगी आकड्यांच्या जोड्या गाळून काढण्याच्या कामावर. १४३ अंकी एक अवयव, १७७ अंकी दुसरा.

आणि फुकट राबणाऱ्यांकडून काम करून घेणं हीच खरी कसरत आहे. आधी ईसीएमने (एकेक 'कर्व्ह', म्हणजे वक्र, घेऊन अवयव शोधण्याची पद्धत) लहान अवयव शोधून संपवायचे. मग चाळणी ज्यावर चालते तो पॉलिनॉमिअल (बहुपदी) निवडायचा. तो भिकार निघाला तर पुढे हजारो लोकांची वीज पाण्यात. मग चाळणीचे पट्टे पाडून वाटायचे. कुणी पट्टा घेऊन गायब होतो, त्याची मुदत संपली की तो दुसऱ्याला द्यायचा. माझ्या मशीनवरून जाणारी फाइल उघडून बघा. स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे, कोलन, हेक्समध्ये (१६ च्या पायात) मूळ संख्यांची रांग, पुन्हा कोलन, पुन्हा रांग. अशा लाखो ओळी, यांनाच रिलेशन्स म्हणतात. कुणी खोटी ओळ घुसडली तर गुणाकार करून बघितला की पकडली जाते. म्हणून तर अनोळखी माणसावर विश्वास न ठेवता त्याचं काम वापरता येतं. मर्सेनवाल्यांना, म्हणजे २ चा घात वजा एक अशा रूपातल्या मूळ संख्या शोधणाऱ्यांना, ही सोय नव्हती. तिथे उत्तर बरोबर आहे का हे बघायला अख्खी चाचणी दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्यावी लागायची. उत्तरासोबत झटपट तपासता येईल असा पुरावा पाठवायची पद्धत आली २०२० मध्ये.

वायरमन
एवढं लिहिलंत, पण चाळणीनंतर काय होतं ते सोयीस्करपणे गाळलंत. मॅट्रिक्स! त्या सगळ्या ओळींवरून मांडलेलं प्रचंड कोष्टक, ते सोडवल्याशिवाय अवयव हाती येत नाहीत. आरएसए-७६८ या तशाच आव्हानातल्या संख्येच्या मॅट्रिक्सला १९ कोटींवर ओळी होत्या. ती काय सदाशिव पेठेतल्या पीसीवर सुटते? तुमच्या २^१०६१ ची मॅट्रिक्ससुद्धा क्लस्टरवरच सुटली. म्हणजे हमाली लोकांनी करायची आणि गाभाऱ्यात शिरायचं क्लस्टरवाल्याने.

अवयवपाडू
१९९४ मध्येही तेच होतं. आरएसए-१२९ या १२९ अंकी संख्येसाठी ६०० च्या आसपास स्वयंसेवक, १६०० यंत्रं, त्यांतली दोन तर फॅक्स मशिन्स! आठ महिने ईमेलने रिलेशन्स येत होती. शेवटची मॅट्रिक्स बेलकोअर या कंपनीच्या मासपार नावाच्या मोठ्या यंत्रावर ४५ तासांत सुटली. म्हणून आठ महिने रिलेशन्स पाठवणारे हमाल झाले? १९७७ मध्ये आरएसए पद्धतीच्या जनकांपैकी एक असलेल्या रिव्हेस्टच्या अंदाजाने या संख्येला अब्जावधी वर्षांच्याही कैक पट काळ लागणार होता.

नाशिककर_काका
आरएसए-१२९ फोडून दाखवण्याचं १९७७ चं ते आव्हान मार्टिन गार्डनर यांच्या गणिताच्या सदरात आलं होतं. त्याच गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांवर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला ६१७४ हा त्यांचा स्थिरांक कळला. तोवर आपले प्राध्यापक त्यांना हसत होते. आपल्या मातीत गणिताची कदर नाही हे दुखणं जुनं आहे. बाकी चालू द्या.

सौ_टक्के_खरं
हे सगळं आयआयटी कानपूरने २००२ मध्येच सोडवलं ना? मग अजून कसली चाळणी?

तिरकी_रेघ
नाही हो. अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांच्या पद्धतीने संख्या मूळ आहे की नाही एवढंच ठरतं. मूळ नसेल तर अवयव कोणते, ते त्यातून मिळत नाही. हा घोळ दर धाग्यात कुणीतरी घालतंच.

मुद्द्यावर येते. मला विजेपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच वाटतो. यातली निम्मी 'घरची' यंत्रं घरची नसतातच. आमच्या ऑफिसात एका पठ्ठ्याने शनिवार-रविवारी सगळ्या मशिन्सवर बॉइंक (रिकाम्या यंत्रांवर असली स्वयंसेवी कामं चालवणारं सॉफ्टवेअर) लावलं होतं. सोमवारी एसी बंद, खोलीत भट्टी, आणि बॅकअप अर्ध्यात अडकलेला. निस्तरलं कुणी? मी.

लॅब_असिस्टंट
तुमचा पठ्ठ्या अडाणी होता, त्याचं खापर सगळ्यांवर का? मी कॉलेजच्या लॅबमध्ये विभागप्रमुखांची रीतसर लेखी परवानगी घेऊन लावलं होतं. प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आत बंद, सुट्टीत चालू. पोरं येऊन विचारायची, "सर, हे काय चाललंय?" तेव्हा फळ्यावर ६४१ लिहून सांगायचो, की २^३२ + १ ला हा भाग जातो हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं. पुढे नवे विभागप्रमुख आले. त्यांनी सॉफ्टवेअर काढायला लावलं आणि माझ्याकडून खुलासा घेतला. परवानगीचा कागद फाइलमध्ये होता, तो बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

वायरमन
विभागप्रमुखाच्या खिशातून बिल जातं का? सरकारी वीज, सरकारी मशीन. परवानगी देणाराही दोषी. चोरीला चोरी म्हणा.

लॅब_असिस्टंट
तोंड सांभाळून बोला. चोर कुणाला म्हणताय? पगारातून दोन रॅमच्या पट्ट्या घेऊन त्या लॅबमध्ये बसवल्यात मी.

तिरकी_रेघ
दोघेही जरा थांबा. हा वाद आपल्याकडचाच नाही. अमेरिकेत जॉर्जियात एका संस्थेच्या सिस्टम ॲडमिनने डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट या अशाच स्वयंसेवी प्रकल्पाचा प्रोग्राम तिथल्या मशिन्सवर टाकला. सेकंदाला ५९ सेंट अशा हिशोबाने नुकसान लाखो डॉलरवर नेऊन त्याच्यावर फौजदारी लावली. २००२ मध्ये तडजोड झाली: प्रोबेशन, २१०० डॉलर भरपाई, ८० तास समाजसेवा. म्हणजे चोरी म्हणायला जागा आहे, आणि तो आकडा हास्यास्पद होता हेही खरं.

अवयवपाडू
उलट उदाहरणही सांगा की. सेंट्रल मिसुरी विद्यापीठाने कर्टिस कूपर यांना कॅम्पसवरच्या मशिन्स वापरू दिल्या आणि तिथे एकामागून एक मर्सेन मूळ संख्या सापडल्या. त्यातली २०१६ ची गंमत ऐका. मशीनने सप्टेंबर २०१५ मध्येच सर्व्हरला उत्तर कळवलं होतं. पण सूचनेची ईमेल गेलीच नाही. जगातली तेव्हाची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जवळजवळ चार महिने डेटाबेसमध्ये पडून! जानेवारीत देखभाल करताना कुणाच्या तरी नजरेला पडली. मोजायला यंत्रं मिळतात. लक्ष ठेवायला माणूस मिळत नाही.

वायरमन
वा, स्वतःच माझ्या बाजूचा पुरावा आणून दिलात. आता मर्सेनचाच ताजा विक्रम बघा. ऑक्टोबर २०२४, ४ कोटी १० लाख अंकांची संख्या. शोधली एनव्हिडियाच्या एका माजी कर्मचाऱ्याने, १७ देशांतल्या क्लाउडमध्ये भाड्याचे जीपीयू (ग्राफिक्सचे प्रोसेसर) लावून. स्वतःचे पैसे ओतून. कुठे गेला तुमचा घरचा पीसी?

अवयवपाडू
भाड्याने घेतलेल्या जीपीयूवर चालणारा प्रोग्राम हौशी लोकांनी लिहिलेला, कुठली संख्या तपासायची ते वाटून देणारा सर्व्हर १९९६ पासून हौशी लोक चालवतात, आणि त्या माणसाने शोध नोंदवला तोही त्याच स्वयंसेवी प्रकल्पात. पण हो, मूळ संख्या शोधण्यात घरच्या पीसीचे दिवस कठीण आहेत. खूश?

नाशिककर_काका
आमच्याकडे मे महिन्यात पंखा पुरत नाही आणि हे रात्रभर प्रोसेसर तापवणार. तीनशे युनिटच्या पुढे गेलात की दर कसा उडी मारतो ते एकदा बिलावर बघा. वीज कंपनीला तक्रार केली तर म्हणतात, "मीटर बरोबर आहे." मुलगा पुण्याला गेल्यावर बिल निम्म्यावर आलं, तेव्हा कळलं मला रात्री काय चालायचं ते.

लॅब_असिस्टंट
काका, गेमिंग असणार ते. अवयव पाडणारी पोरं एवढी सुदैवी आई-बापांनाच मिळतात.

तिरकी_रेघ
हा टोमणा काकांना लागू नये, पण हसले. आता 'वायरमन' यांना सरळ प्रश्न. काम क्लस्टरवर झालं तर वीज लागत नाही का? तीही कुणाच्या तरी करातूनच जाते. मग नेमकी तक्रार कशाची?

वायरमन
तक्रार श्रेयाची आहे, हे आधीच बोललो असतो तर एवढं लांबलं नसतं. स्वयंसेवकाला क्रेडिटचे आकडे मिळतात, आलेख मिळतो. मॅट्रिक्स सोडवणाऱ्याला नाव मिळतं. ज्याने पहिल्या दिवसापासून पट्टे चाळले त्याला शेवटी अवयव काय निघाले हे शोधत बसावं लागतं. ईसीएममध्ये असं नसतं. तुमच्या कर्व्हवर अवयव निघाला तर तो तुमचा. ८३ अंकी अवयव २०१३ मध्ये निघाला, तो शोधणाऱ्याच्या नावावर आहे. मी मशीन लावलंच तर त्याला लावीन. चाळणीला नाही. गाभाऱ्याबाहेर चपला सांभाळायला मी बसणार नाही.

अवयवपाडू
मुद्दा रास्त आहे, म्हणजे आदल्या दिवशीच्या 'भक्त' वगैरे भाषेपेक्षा फारच बरा. ईसीएम लावा. फक्त कुठल्या संख्येवर, किती बी-वनने (म्हणजे शोधाची मर्यादा किती ठेवून), किती कर्व्ह झाले ते कळवत जा. तुम्ही कळवलं नाहीत तर दुसरा कुणीतरी तेच कर्व्ह पुन्हा चालवत बसेल आणि त्याच्या विजेचं बिल मी तुम्हाला पाठवीन.

सौ_टक्के_खरं
विंडोजवर चालतं का हे? चार जीबी रॅम आहे.

लॅब_असिस्टंट
चालतं. पण मोठ्या संख्यांची चाळणी मेमरी खाते, सगळे कोअर एकदम लावू नका. आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी वर सगळं पुन्हा वाचा.