सेंटर निवडताना आधी काय बघायचं: समोरचा संघ की आपलं आक्रमण?

मंडळी, मदत हवी आहे. एका हौशी बास्केटबॉल संघाचं कोचिंग माझ्याकडे आहे (दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून). सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) नियमांनी, 10 मिनिटांचे चार क्वार्टर. उपांत्य सामन्यात सेंटरला (रिंगजवळची मोठ्या खेळाडूची जागा) कोणाला उतरवू, ठरत नाहीये.

माझ्याकडे दोघं आहेत. एक लंबू, साडेसहा फुटांचा. तो आत पेंटमध्ये (रिंगखालचा रंगवलेला भाग) उभा असला की समोरचे लेअपला (रिंगजवळ जाऊन चेंडू टाकायला) बिचकतात, रीबाउंडही (हुकलेल्या शॉटचा चेंडू) त्याचेच. पण पाय जड, आणि रिंगपासून चार पावलांवर त्याच्या हातात चेंडू गेला की बेंचवर आमचा जीव खालीवर. दुसरा आमचा शूटर, चार इंच कमी, पण थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मारतो आणि स्विच झाल्यावर (बचावात माणसं बदलल्यावर) चपळ गार्डसमोरही टिकतो.

घोळ असा की समोरच्या संघाचा सेंटर स्क्रीन लावून (आमच्या बचावपटूची वाट अडवून) आत पळतच नाही, मागे सरकून थ्रीच्या रेषेबाहेर थांबतो. साखळीत त्यांच्याशीच खेळताना लंबू सवयीने पेंटमध्ये राहिला, आमचा गार्ड स्क्रीनमध्ये अडकला, आणि हा पठ्ठ्या मोकळा. इतका मोकळा की चेंडू हातात फिरवून, शिवण बोटांखाली नीट घेऊन मारत होता. चार थ्री गेले. मग शूटरला आणलं. थ्री थांबले, पण त्यांचा फॉरवर्ड डोक्यावरून रीबाउंड ओढायला लागला. एका खेपेला तीनदा चेंडू त्यांनाच!

त्यात आमचा पॉइंट गार्ड (चेंडू घेऊन खेळ चालवणारा) आत घुसून खेळणारा. लंबू असला की त्याला धरणारा माणूसही पेंटमध्येच ठाण मांडतो, मग घुसणार कुठून?

2015 च्या एनबीए फायनलमध्ये वॉरियर्सनी चौथ्या सामन्यात बोगट या उंच सेंटरऐवजी त्याच्याहून बुटक्या इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवलं. समोरच्या कॅव्हलियर्सच्या सेंटरने, मोझगोव्हने, 28 गुण काढले, तरी ते 103-82 असे हरले. ते आठवलं की शूटरलाच घ्यावंसं वाटतं. जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:
वॉरियर्सकडे आत मोठ्यांना रेटणारा ड्रेमंड ग्रीन होता, तुमचा शूटर तसा आहे का? मला वाटतं तुम्ही चुकीच्या जागी अडकलाय. लंबूने त्यांच्या सेंटरलाच धरायचं, असं कुठे लिहिलंय? तो रीबाउंडवाला फॉरवर्ड बाहेरून मारतो का? नसेल तर लंबू त्याच्यावर लावा. फिबात बचाव करणाऱ्याला पेंटमध्ये थांबण्यावर तीन सेकंदांची अट नाही (ती एनबीएत), म्हणजे लंबू खुशाल आत राहील आणि बॉक्स आउटही (रीबाउंडसाठी समोरच्याला पाठीने अडवणं) तोच करेल. सेंटरवर तुमचा चपळ फॉरवर्ड. आक्रमणात लंबूला बेसलाइनला (रिंगमागच्या शेवटच्या रेषेजवळ), रिंगच्या बाजूला ठेवा. गार्ड घुसला आणि लंबूचा माणूस मदतीला सरकला, की पास थेट लंबूला, तिथून तो चुकणार नाही. फक्त गार्डला सांगा, पास वरून द्यायचा.

धागाकर्ता:
अहो, तो फॉरवर्ड बाहेरून मारतच नाही! हे सुचलंच नव्हतं. पण सेंटरवर जो फॉरवर्ड लावेन, तो दुसऱ्या क्वार्टरमध्येच तीन फाउल करून बसतो. तेव्हा शूटरला मैदानात घेऊ, की त्यालाच फॉरवर्ड म्हणून लंबूसोबत सुरुवातीपासून उतरवू?