बलाट्रोत 'अनलॉक ऑल' दाबायचं की गोल्ड स्टिकरसाठी झिजायचं?

रंकाळाकट्टा
काल रात्री रंकाळ्यावर तिघं बलाट्रो हा पत्त्यांचा मोबाईल गेम खेळत बसलोवतो आणि आमच्यातल्या एकानं प्रोफाइलमध्ये जाऊन सरळ 'अनलॉक ऑल' दाबलं. सगळे डेक, सगळे जोकर एका झटक्यात उघडे, बदल्यात त्या प्रोफाइलवर अचिव्हमेंट बंद. मला ते अजिबात पटलं नाही. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोकरसारखे हात लावायचे, चिप्स गुणिले मल्ट (म्हणजे गुणक) असा स्कोअर, मधे गेममधल्या दुकानातनं मदतीला जोकर घ्यायचे, आठव्या अँटेचा, म्हणजे टप्प्याचा, बॉस पाडला की जिंकला. आता ब्रेनस्टॉर्म नावाचा जोकर उघडायला काय करावं लागतंय माहिताय? रॉयल फ्लश डिस्कार्ड करायचा! एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी एकाच रंगाचे हातात आलेत आणि खेळायचे नाहीत, टाकून द्यायचे. मी इस्पिकचा टाकला तवा हात कापत होता माझा. ते बटण दाबलं की असली रात्र कधी येणारच नाही. आणि गोल्ड स्टेकवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, जिंकलास की त्या वेळी जवळ असलेल्या जोकरांना कलेक्शनमध्ये सोनेरी स्टिकर लागतो, जोकर एकूण 150. खेळात त्याचा काडीचा फायदा नाही, तरी मला तो हवाय.

शिरोली_सेकंडशिफ्ट
न्हाई पटलं भावा. मी फौंड्रीत हाय, घरी आलो की झोपायच्या आधी अर्धा तास मिळतोय. गोल्ड स्टेकवर खालच्या सगळ्या अटी एकावर एक बसत्यात, स्मॉल ब्लाइंडचे, म्हणजे प्रत्येक अँटेतल्या पहिल्या राउंडचे, पैसे न्हाईत, एक डिस्कार्ड कमी, इटर्नल जोकर विकता येत न्हाई, पेरिशेबल 5 राउंडनंतर बाद, रेंटल दर राउंडला 3 डॉलर खातोय. एवढं करून काय, एक टिकली! गेम मी पूर्ण पैसे देऊन घेतलाय, मग अर्धा कुलपात कशाला? पत्त्यांवरची नवीन चित्रं बघ, दुसऱ्या गेममधली राजा-राणी-गुलामाची, ती फुकट दिल्यात, काय उघडावं लागत न्हाई. तसंच पाहिजे सगळं.

आणि शिकण्याचं म्हणशील तर मी हरून शिकलो. दोन एक्क्यांची पेअर, 32 चिप्स, मल्ट 2. माझ्याकडं मल्टमध्ये 4 वाढवणारा साधा जोकर आणि मल्ट 3 पट करणारा कॅव्हेंडिश जोकर. कॅव्हेंडिश डावीकडं ठेवला, म्हणजे तो आधी लागला, झालं 2 गुणिले 3 अधिक 4, म्हणजे 10, स्कोअर 320. जागा बदलली की 2 अधिक 4 आणि मग 3 पट, 18, स्कोअर 576. तेच पत्ते, तेच जोकर! हे कळायला कुठलंच कुलूप लागलं न्हाई मला.

गंगावेशची_मेंढीकोट
शिरोलीवाले दादा, तुमचं वेळेचं म्हणणं मान्य, पण टिकली म्हणू नका हो. खासबाग मैदानात 1912 पासनं कुस्त्या होताहेत, पैलवान गदा खांद्यावर घेऊन फिरतो, ती गदा पुढच्या कुस्तीत डाव मारायला येते का? नाही येत. तरी तिच्यासाठी पोरं पहाटे चारला उठून जोर काढतात.

आणि नियमातल्या खोड्या तर पत्त्यात पहिल्यापासनं आहेत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 पानं, निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का. पुस्तक वाचून ते डोक्यात बसत नाही, चुकीचं पान पडून हात गेला की बसतं. तुमचाच कॅव्हेंडिश घ्या, तो केळ्याचा जोकर, दुकानात यायला आधी ग्रो मिशेल नावाचा दुसरा केळ्याचा जोकर त्याच डावात नष्ट व्हावा लागतो, दर राउंडला 6 त 1 शक्यता. खऱ्या जगात पण तसंच झालंय, ग्रो मिशेल जातीच्या बागा पनामा रोगानं गेल्या आणि बाजारात कॅव्हेंडिश आलं. +15 मल्ट देणारं केळं गेलं म्हणून मी हळहळले होते आणि पुढच्याच दुकानात हे दिसलं, मला केवढा आनंद झाला सांगू!

शिरोली_सेकंडशिफ्ट
ताई, गदा हजारो माणसांसमोर मिळती. हा स्टिकर मोबाईलमध्ये, बघणार कोण? केळ्याचं मात्र भारी, आणि ते 'अनलॉक ऑल' करून पण तसंच राहतंय, म्हणजे शिकायचं कुठं जात न्हाई हे माझंच म्हणणं झालं.

रंकाळाकट्टा
बघणार मीच की! आणि सगळंच राहत नाही. तुझ्यासमोर 150 जोकर एकदम आले तर कुठला कशाला हे कळायला वेळच मिळत नाही. पॅरेडोलिया जोकर घे, सगळे पत्ते चित्राचे धरतो, चित्राच्या पहिल्या पत्त्याला मल्ट दुप्पट करणाऱ्या फोटोग्राफ जोकरबरोबर झकास. पण 'द प्लांट' बॉस आला की चित्राचे पत्ते बाद, म्हणजे आख्खा हातच बाद. एकेक जोकर स्टिकरसाठी सांभाळत गेलास तर हे अंगवळणी पडतं.

शिरोली_सेकंडशिफ्ट
हां, त्या प्लांटनं माझा सातवा अँटे घालवलाय, रविवारीच. लई जीवाला लागलं. पण गेमनं एवढं तरी आधी सांगावं का नको?

रंकाळाकट्टा
नको. आणि ऐक, प्रोफाइल 3 असतात. एक तुझा तसाच उघडा ठेव, दुसरा कोरा कर. अर्ध्या तासात एक डाव बसतोय, घाई कुठं आहे?

शिरोली_सेकंडशिफ्ट
कोरा करतो. रॉयल फ्लश मात्र टाकणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवतो.