सोंघाय बुडालं ते बंदुकांनी की भाऊबंदकीने?

वाटसरू:
पश्चिम आफ्रिकेतलं सोंघाय साम्राज्य कसं बुडालं, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे तोंदिबीची लढाई, मार्च १५९१. मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याने जुदार पाशाला सुमारे ४,००० माणसं देऊन सहारापार धाडलं. इकडे भाले, तिकडे बंदुका, खेळ खलास. मला हे पटत नाही. खरा घाव १५८८ मध्येच बसला होता. सादिक नावाच्या सरदाराने बंड केलं, पश्चिमेचे सुभे त्याच्यामागे उभे राहिले आणि फौज राजधानी गाओवर चालून निघाली. आस्किया (म्हणजे सोंघायचा राजा) इसहाकने बंड मोडलं, पण पश्चिमेची लढाऊ माणसं त्यातच कापली गेली. त्याआधी १५२८ मध्ये थोरल्या आस्किया मुहम्मदला पोटच्या पोरानेच गादीवरून खाली खेचलं होतं. (त्याने तरी दुसरं काय केलं होतं म्हणा! आधीचा राजा सुन्नी अली याच्या मुलाकडून गादी हिसकावूनच बसला होता.) बंदुका निमित्तमात्र.

खडूस काका:
निमित्तमात्र? तोंदिबीला सोंघायने शत्रूवर गुरांचे कळप सोडले. बार उडाले तशी गुरं उधळली ती उलटी त्यांच्याच फौजेत. पळापळ झाली, तरी काही निवडक सैनिक ढाली जमिनीवर टाकून त्यांवर मांडी घालून बसले. हरलो तरी पळायचं नाही, अशी त्यांची रीत. मोरोक्कोवाल्यांनी त्यांना बसल्या जागी मारलं आणि हातातली सोन्याची कडी काढून घेतली. सोंघायच्याच तिंबक्तू शहरातल्या अल-सादी या इतिहासकाराने १७व्या शतकात हे लिहून ठेवलंय. पोखरलेल्या राज्यात अशी माणसं असतात?

मीठभाकर:
दोघंही मीठ विसरलात. भांडण सहारातल्या तगाझाच्या मिठाच्या खाणींवरून पेटलं होतं. अल-मन्सूरने तिथल्या मिठावर कर मागितला, इसहाकने उत्तरादाखल भाले पाठवले. त्यात पोर्तुगीजांनी १४८२ पासूनच दक्षिणेच्या किनाऱ्यावर एल्मिनाला किल्ला बांधून सोनं समुद्राकडे वळवायला सुरुवात केली होती. राज्य व्यापारावर उभं होतं, व्यापार आटत होता.

वाटसरू:
आटत होता तर अल-मन्सूरने एवढं वाळवंट तुडवायला फौज कशाला पाठवली?

तिरकस:
पाठवली, आणि हाती काय लागलं? जुदारने गाओहून कळवलं की आस्कियाच्या वाड्यापेक्षा मराकेशच्या गाढववाल्यांच्या म्होरक्याचं घर बरं! इसहाक १,००,००० मिस्काल (सोनं तोलायचं माप) सोनं द्यायला तयार होता, जुदारही राजी होता. सुलतानाने भडकून त्याच्या जागी दुसरा पाशा पाठवला. मुळात सोन्याच्या खाणी सोंघायच्या ताब्यात नव्हत्याच, त्या आणखी दक्षिणेला. भरडलं गेलं ते तिंबक्तू. १५९३ मध्ये तिथले विद्वान पकडले, अहमद बाबाला साखळदंडात मराकेशला नेलं. त्याची १,६०० पुस्तकं गेली, आणि तो म्हणायचा की आमच्या घराण्यात माझाच संग्रह सगळ्यात लहान!

खडूस काका:
विद्वानांचं वाईट झालं, मान्य. पण ते पकडले ते बंदुकधाऱ्यांनीच ना?

वाटसरू:
काका, तोंदिबीनंतर इसहाकच्याच लोकांनी त्याला उतरवून मुहम्मद गाओला बसवलं. शत्रू दारात आणि यांचं गादीचं राजकारण चालूच! हा नवा आस्किया मोरोक्कोवाल्यांशी बोलणी करायला गेला नि दगा होऊन मारला गेला. उलट आस्किया नूहने दक्षिणेला देंदीच्या झाडीत त्याच बंदुकधाऱ्यांना वर्षानुवर्षं दमवलं. घर एक असतं, तर हे गाओलाही जमलं असतं.

खडूस काका:
गाओला झाडी होती का? उघड्या माळावर नूहने काय केलं असतं, ते सांगा.