‘लेयर’साठी थर, स्तर की पदर?

प्रश्न : ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत नकाशे कसे काढावेत, याचे मराठी टिपण लिहीत आहे. आधी तालुक्यांच्या सीमा, त्यांवर नद्या आणि सर्वांत वर पर्जन्यमापक केंद्रांचे ठिपके, अशा रचनेतील प्रत्येक ‘लेयर’ला ‘स्तर’ म्हणावे का?

प्रतिसाद : ‘स्तर’ येथे टाळावा, असे माझे ठाम मत आहे. शब्द चुकीचा नाही. पण ‘जिल्हास्तर’, ‘राज्यस्तर’ या शब्दांमुळे त्याचा पातळी हा अर्थ इतका पक्का झाला आहे, की ‘तालुकास्तर जोडा’ असे वाचणाऱ्याला सीमा जोडायच्या आहेत की तालुकानिहाय आकडेवारी, हे कळणार नाही. नकाशाच्या कामात या दोन्ही गोष्टी कित्येकदा एकाच वाक्यात येतात.

‘थर’ या शब्दात क्रमही आहे आणि झाकणेही. ‘जीजीप्लॉट२’ या ‘आर’मधील आलेख व नकाशे काढण्याच्या आज्ञासंचात अधिक चिन्हाने जोडलेले घटक ज्या क्रमाने लिहिले, त्याच क्रमाने रेखाटले जातात. ठिपके आधी आणि रंग भरलेले तालुके नंतर लिहिले, तर ठिपके दिसेनासे होतात. धुळीच्या थराखाली फरशीची नक्षी दिसत नाही, तसेच हे. थर चढवणे, थर काढणे ही क्रियापदेही तयार आहेत. (दहीहंडीचे थर मात्र मनात आणू नयेत, तेथे खालचा थर निघाला की वरचे कोसळतात, नकाशात तसे होत नाही.)

दुसरा प्रतिसाद : मग ‘पदर’ का नको? पोळीला पदर सुटतात, प्रश्नालाही अनेक पदर असतात.

प्रतिसाद : शब्द मलाही प्रिय आहे, परंतु पोळीचे सारे पदर एकाच कणकेचे असतात. नकाशाचे थर वेगवेगळ्या फायलींतून येतात आणि त्यांचे प्रक्षेपणही (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) अनेकदा वेगळे असते. पृथ्वीचे उभे विभाग पाडून प्रत्येकाचे वेगळे प्रक्षेपण करणाऱ्या यूटीएम पद्धतीत ७८ अंश पूर्व रेखांशावर विभाग बदलतो, त्यामुळे मुंबई ४३व्या विभागात येते, तर नागपूर ४४व्या. ‘एसएफ’ प्रकारची (आकारांसोबत त्यांचे प्रक्षेपणही नोंदवणारी) माहिती दिल्यास ‘जीजीप्लॉट२’ पुढचे थर पहिल्या थराच्या प्रक्षेपणात आणून काढते. ‘आर’च्या मूळ ‘प्लॉट’ आज्ञेने एकावर एक काढताना मात्र असे रूपांतर होत नाही आणि नवा थर चौकटीबाहेर जाऊ शकतो. या रूपांतराला आपल्या टिपणात ‘थर जुळवणे’ म्हणावे, अशी माझी सूचना आहे.