अनुभव धागा : ईस्टर झाला, सोमवारी काय?

सलाम मंडळी. मी भुसावळची. रविवारी, येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाला, पहाटे पाच वाजता चर्चच्या अंगणात मेणबत्त्या घेऊन "प्रभू उठला आहे", "खरोखर उठला आहे" झालं, घरी येऊन मटण झालं, आणि सोमवारी सकाळी मी नळाच्या पाण्यावरून शेजारणीशी भांडले, अगदी हंडा आपटून. मग वाटलं, ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस चहातली साखर सोडली ती कशासाठी? (रविवार धरले तर सेहेचाळीस होतात, पण रविवारी आमच्याकडे साखर चालते.) तर रोजच्या धबडग्यात तुम्हाला ईस्टर कुठे सापडला ते लिहा. नसेल सापडला तर तेही लिहा. प्रवचन नको, ते ऐकून झालंय.

नवापूरकडची
आमच्याकडं ईस्टर आणि मोहफुलं बहुतेक एकाच टायमाला येतात. मोह रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतो, लवकर जाऊन वेचला नाही तर गुरं खाऊन टाकतात, म्हणून पहाटेची उपासना म्हटली की बायांची पंचाईत. माझी आजी सरळ टोपली घेऊनच प्रार्थनेला यायची. एकदा पाळकसाहेब (आमचे चर्चचे धर्मगुरू) म्हणाले आजी, आजच्या दिवस तरी टोपली घरी ठेवायची. तर म्हणे ईस्टरच्या पहाटे त्या बाया तरी येशूच्या कबरेकडं रिकाम्या हाताने कुठं गेल्या होत्या, सुगंधी मसाले घेऊन गेल्या होत्या, म्हणजे कामालाच गेल्या होत्या ना. पाळकसाहेब गप्प. आता मी शाळेत शिकवते, मोह वेचायला जात नाही, पण सकाळी डबे भरताना ते आठवतं. कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार हे ठाऊक नसताना त्या निघाल्या होत्या. आमचं पण रोज तेच की.

अमळनेर, ख्रिश्चन नाही पण वाचतोय
मी एका मित्राला हॅपी गुड फ्रायडे म्हणालो होतो, तो येशूला क्रुसावर दिल्याचा दिवस हे माहीत नव्हतं, अजून चिडवतो. एक विचारू का, ही तारीख दरवर्षी हलते कशी? 2024 ला 31 मार्च, 2025 ला 20 एप्रिल.

नवापूरकडची
पौर्णिमेवर आहे भाऊ. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येते, तिच्यानंतरचा रविवार. तुमची होळी, अखाजी (अक्षय्य तृतीया) हलते तसंच.

रेल्वेवाला
लोको पायलट आहे, ईस्टरला घरी असणं म्हणजे लॉटरी. मागे एकदा रात्रभर मालगाडी चालवून, अर्धा वेळ तर लूपलाईनला उभं राहून सकाळी खंडव्याला उतरलो, मिसेसचा व्हिडिओ कॉल, पोरं नवीन कपड्यात, आणि मी ग्रीसच्या हाताने रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या ड्युटीवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत. चीडच आली. खानसामा म्हणाला साहेब पोहे गरम आहेत, आधी खाऊन घ्या मग झोपा. तो मुसलमान, त्याला काही माहीत नाही आज काय आहे ते. पण मला एकदम बायबलातला योहानाचा 21 वा अध्याय आठवला, रात्रभर जाळं टाकून काही न मिळालेले शिष्य, आणि उठलेला प्रभू किनाऱ्यावर निखारे पेटवून मासे भाजतोय, या, न्याहारी करा म्हणतोय. मरणावर जय मिळवून आलेला माणूस आधी नाश्त्याचं बघतो. मला हे लई आवडतं.

धुळे
मला नाही सापडला. 2021 चा ईस्टर 4 एप्रिलला होता, त्याच महिन्यात आई गेली, कोरोनाने. पुरताना आम्ही चारच जण, पीपीई घातलेले, कोण रडतंय ते पण कळत नव्हतं. त्यानंतर दरवर्षी मी शुक्रवारी चर्चला जाते, क्रुसावरचे येशूचे सात उद्गार ऐकते, आणि रविवारी जात नाही. माझा शनिवारच संपत नाही. लोक म्हणतात ती प्रभूजवळ आहे, खरं असेल, पण तिचा चष्मा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, एक काडी दोऱ्याने बांधलेली, त्याचं काय करू.

मागच्या ईस्टरला अशीच पडून होते तर शेजारच्या मावशी आल्या, अहिराणीच बोलतात, कंबरेवर हात ठेवून म्हणे "तुना देव उठना ना वं, मंग तू काब्र झोपेल शे?" म्हणजे तुझा देव उठला ना गं, मग तू का झोपलीस. हसूच आलं. त्यांनी बट्टी-वरण आणलं होतं, जेवले. चर्चला नाहीच गेले. फक्त खुणा बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या थोमा शिष्यावर आता राग येत नाही. उठल्यावर पण प्रभूच्या हाताला खिळ्यांच्या खुणा होत्याच, त्या दाखवल्या त्याने, झाकल्या नाहीत.

रावेर, केळीवाला
थोडक्यात लिहितो. कबरेपाशी मग्दालीया मरीयेला (येशूच्या शिष्येला) उठलेला प्रभू आधी माळी वाटला, हे आम्हा बागवाल्यांना फार बरं वाटतं. बाकी माझं असं की भावाशी बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद. दर ईस्टरला फोन लावतो, तो उचलत नाही. विहीर सामायिक आहे, सोमवारी रात्री पाण्याची पाळी त्याची. यंदा त्याच्या पाळीआधी मोटरचा जळलेला फ्यूज बदलून ठेवला, सांगितलं नाही. त्याला कळलं असेल, नसेल. आज परत उडालाय.