बसमध्ये मोठ्या आवाजात मोबाईल: चूक वाजवणाऱ्याची की चिडणाऱ्याची?

उपनगरवाली

रोज संध्याकाळी मी नाशिकच्या शालिमारहून शहर बसने घरी येते. गेल्या मंगळवारी बसायला जागा मिळाली म्हणून बरं वाटलं होतं. शेजारी पंचविशीतला एक मुलगा. फोन तळहातावर आडवा, स्पीकरची बाजू माझ्याकडे. त्यावर एक रील चाललेलं: एक बाई एक वाक्य बोलते, लगेच बरीच माणसं खदाखदा हसतात, की परत पहिल्यापासून. मुलाचं लक्षही नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत बसलेला आणि रील आपलं आपणच फिरतंय. द्वारकेला बस अडकली ती नेहमीसारखी अडकलीच. तिथून काठे गल्ली मागे पडेपर्यंत ते हसणं मी अकरा वेळा ऐकलं. हो, मोजलं. मोजायचं नव्हतं, पण कान ऐकेनात.

शेवटी म्हटलं, "दादा, आवाज बारीक कराल का?" तो म्हणाला, "तुमच्या कानात घालतोय का?" पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं ते माझ्याकडे, त्याच्याकडे नाही. जणू बसमध्ये गोंधळ मीच घातला होता.

घरी आले तरी डोकं तापलेलं. नवरा म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीवरून?" या "एवढ्याशा" शब्दाशीच माझं भांडण आहे. पाय तुडवला तर माणूस "सॉरी" म्हणतो, कारण शेजारी कुणीतरी आहे हे त्याच्या लक्षात येतं. इथे शेजारी माणूस बसलाय याचीच दखल नाही. माझा राग आवाजाचा नाही, या बेदखलीचा आहे. तो मला योग्यच वाटतो आणि असं कुणी वागलं तर प्रत्येकाने टोकलं पाहिजे. तुमचं मत वेगळं असेल तर सांगा, पण "सोडून द्या" एवढंच म्हणू नका.

जेलरोडचा जुना रहिवासी

ताई, माझं वय ६९. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. डाव्या कानात यंत्र आहे, पण त्याला फोन टेकवला की शिट्टी वाजते. बसच्या इंजिनाच्या घरघरीत फोन कानाला लावून काहीच कळत नाही, म्हणून मी स्पीकर लावतो. मागे एका मुलीने सगळ्यांसमोर सुनावलं, "काका, घरी जाऊन बोला ना, लोकांना त्रास होतो." बोलली ते खरंच होतं. पण तेव्हापासून मी बसमध्ये फोन उचलत नाही. पंधरा दिवसांपूर्वी लेकीचे चार फोन येऊन गेले. नातवाला ताप होता आणि घरात डॉक्टरांची जुनी चिठ्ठी कुठे ठेवलीय एवढंच तिला विचारायचं होतं. मी बिटकोला उतरलो, एका दुकानाच्या पायरीवर बसलो आणि मग फोन लावला.

तुमचा तो मुलगा आणि मी, तुमच्या कानाला आम्ही दोघं सारखेच. प्रत्येकाने टोकायचं ठरलं तर पहिला टोकला जाईन तो मी. त्याला टोकायची लोकांना भीती वाटेल, मला नाही वाटणार.

सातपूर, सेकंड शिफ्ट

मी पॉवर प्रेसवर काम करतो. आठ तास कानात बोळे आणि तरी घरी गेल्यावर डोक्यात ठक-ठक चालूच. खोलीवर आम्ही चौघं, दोघांची शिफ्ट उलटी, म्हणून खोलीवर कायम कुणीतरी झोपलेलं. तिथे आवाज करायचा नाही, कंपनीत दुसरं काही ऐकू येत नाही. बसमधली चाळीस मिनिटं एवढीच माझी. त्यात मी गावाकडचं कीर्तन लावतो, कधी कॉमेडी लावतो. इअरफोन का नाही लावत? दिवसभर बोळे घालून कान आतून हुळहुळे झालेले असतात. त्यात परत काही कोंबवत नाही.

ताई, राग मानू नका, पण शांतता लागते कुणाला? ज्याच्या घरी शांतता असते त्याला. तुम्ही घरी जाऊन दार लावून बसू शकता. आमच्यातल्या कित्येकांना बस हीच बैठकीची खोली आहे. आणि आवाजाचाच राग असेल तर द्वारकेला हिरवा दिवा लागायच्या आधी मागून हॉर्न मारणाऱ्या गाड्यांवर धागा काढा की. विनाकारण हॉर्न वाजवत राहिल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात कलम १९४ एफ आहे, पहिल्या वेळी १००० रुपये दंड, पुढे २०००. गाडीवाल्यांना कुणी बोलत नाही. बसमधल्या मोबाईलवाल्याला मात्र शिस्त शिकवायला सगळे पुढे.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी

"एवढ्याशा गोष्टीवरून" हे उपनगरवाली ताईंच्या घरच्यांचं म्हणणं मला तपासून बघावंसं वाटतं, कारण यावर चांगलं काम झालेलं आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघांनी १९७२ साली शहरी ताणावरचे प्रयोग पुस्तकरूपाने मांडले. माणसांना मध्येच, कधीही, मोठा आवाज ऐकवायचे. काहींना एक बटण दिलेलं असायचं: फारच झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला. नंतर प्रुफं तपासायला दिली, न सुटणारी कोडी दिली. बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या आणि कोड्यांशी ते जास्त वेळ झटत राहिले. आवाज थांबवणं आपल्या हातात आहे, एवढं कळलेलं असणंच पुरेसं ठरलं.

बसमध्ये ते बटण दुसऱ्याच्या हातात असतं. म्हणून स्वयंपाकघरात स्वतः लावलेला मिक्सर खुपत नाही आणि शेजारचं रील खुपतं. मोजमाप केलं तर मिक्सरचाच आवाज मोठा निघेल.

दुसरं म्हणजे, २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की फोनवरचं अर्धंच संभाषण ऐकू आलं तर पूर्ण संभाषणापेक्षा लक्ष जास्त विचलित होतं. पलीकडचा काय म्हणाला असेल याचा अंदाज मेंदू बांधत बसतो. तो आपण ठरवून थांबवू शकत नाही. कान ऐकेनात असं ताई म्हणाल्या ते अगदी बरोबर आहे.

सातपूर, सेकंड शिफ्ट

मग तुमच्याच हिशोबाने स्पीकरवाले काका निर्दोष सुटले. त्यांच्या फोनवर दोन्ही बाजू ऐकू येतात. त्रास देतो तो फोन कानाला लावून सभ्यपणे बोलणारा. त्याला कुणी हटकलेलं मी तरी पाहिलं नाही.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी

हा मुद्दा बिनतोड आहे, दादा, आणि मी त्याला पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. एवढंच म्हणेन की तो प्रयोग लक्ष किती ढळतं याचा होता, चीड किती येते याचा नाही. चिडीत "हा माणूस मला मोजत नाही" हा भाग मोठा असतो. तो स्पीकर लावला की वाढतो.

कॉलेज रोडवरून

मी वाजवणाऱ्यांच्या बाजूने नाही, पण ऐकणाऱ्याचा कानही तपासायला हवा असं मला स्वतःवरून वाटतं. आई बशीतून चहा पिते, फुर्रर्र असा आवाज येतो. तो ऐकला की माझ्या मानेपासून हातापर्यंत काहीतरी ताणलं जातं आणि मी उठून गॅलरीत जातो. आई वाईट वागत नाही. माझे आजोबा तसेच प्यायचे, तेव्हा मला काही होत नसे. काही ठरावीक आवाजांनी असं होण्याला मिसोफोनिया म्हणतात. मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ यांनी २००१ मध्ये तो शब्द वापरात आणला. मी आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती माझ्यासमोर चहा प्यायचीच बंद होईल, आणि ते मला नकोय. प्रत्येक चिडीला समोर गुन्हेगार असतोच असं नाही.

पंचवटी पासधारक

टोकल्याने फरक पडत नाही असं वाटणाऱ्यांसाठी नाशिककरांचंच उदाहरण देतो. पंचवटी एक्स्प्रेसमधला पासधारकांचा आदर्श डबा. तिथले नियम प्रवाशांनी स्वतः ठरवले: मोबाईल सायलेंटवर, मोठ्याने बोलायचं नाही, पत्त्यांचा डाव नाही. त्या डब्याची नोंद लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्समध्ये झाली. मी त्यातून बरीच वर्षं मुंबईला जाऊन आलो. सकाळी नाशिकरोडला चढलो की कसारा घाटापर्यंत डब्यात फक्त रुळांचा आवाज आणि वर्तमानपत्राची पानं. नवीन माणसाचा फोन वाजला तर कुणी आरडाओरडा करत नसे. शेजारचा नुसतं बोट ओठांवर ठेवायचा, नवखा उठून दाराशी जायचा.

आता नियमही आलेत. रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने बोलण्यावर आणि गाणी वाजवण्यावर रेल्वेने २०२२ मध्ये बंदी आणली. मुंबईत बेस्टच्या बसमध्ये इअरफोनशिवाय मोठ्या आवाजात काही ऐकायला २०२३ पासून मनाई आहे. पण आमचा डबा सुधारला तो लोकांनी एकमेकांना बोलून. म्हणून मी उपनगरवाली ताईंच्या पूर्ण बाजूने आहे.

सातपूर, सेकंड शिफ्ट

साहेब, त्या डब्यात रोज तीच माणसं. तुम्हाला एकमेकांची नावं माहीत, कुणाच्या मुलीचं लग्न कधी तेही माहीत. बोट ओठांवर ठेवणारा ओळखीचा असला की राग येत नाही. निमाणीहून सुटणाऱ्या बसमध्ये कोण कुणाचा? तिथे बोट दाखवलं की आधी कपडे बघून दाखवलंय का हे मनात येतं.

गंगापूर रोड, तिसरा मजला

मी टोकून पाहिलंय, आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगतो. आमच्या सोसायटीत एक जण स्कूटर फाटकात तिरकी लावायचा. चालत जायला वाट उरायची, पण अंग चोरून जावं लागायचं, आणि पावसाळ्यात त्याच्या ओल्या सीटला शर्ट घासायचा. मी चिठ्ठी लावली, सभेत विषय काढला, फोटो टाकले. आठ महिन्यांनी तो सरळ लावायला लागला. जिंकलो म्हणायचं.

पण आता रात्री साडेदहाला त्याच्या स्कूटरचा स्टँड खटकन लागतो तेव्हा मी जागा होतो. आधी तो आवाज मला कधी ऐकूही आला नव्हता. तो माणूस जिन्यात भेटला तर खाली बघून जातो. पूर्वी त्याच्या घरून संक्रांतीला तिळगूळ यायचा, दोन वर्षं झाली, आला नाही. स्कूटर सरळ आहे आणि माझी चीड होती त्याहून मोठी झालीय. ताई, तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो पाळू नका. पाळला की तो मागणी करतो, रोज नवीन काहीतरी लागतं.

उपनगरवाली

सगळं दोनदा वाचलं. जेलरोडच्या काकांबद्दल मी चुकले. प्रत्येकाने टोकावं असं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो मुलगा होता. प्रत्यक्षात लोक त्यालाच टोकतील जो उलटून बोलणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काका, तुम्ही बसमध्ये फोन उचला.

गंगापूर रोडच्या दादांचं मात्र मला पटत नाही. चिठ्ठी, सभा, फोटो, यात तुम्ही त्या माणसाशी समोरासमोर कधी बोललात ते आलंच नाही. तिळगूळ थांबला तो स्कूटरमुळे नाही, फोटोंमुळे थांबला असावा.

आणि सातपूरचे दादा, माझ्या घरी दार लावून बसायला खोली नाही. दीड खोलीचं घर, सासूबाईंचा टीव्ही, मुलाची शिकवणी. मीही ती चाळीस मिनिटं माझी म्हणूनच धरून असते. तुम्हाला तेव्हा कीर्तन हवं असतं, मला काहीच नको असतं. तुमचं कीर्तन माझ्यापर्यंत येतं, माझं काहीच-नको तुमच्यापर्यंत पोचत नाही. एवढा एकच फरक आहे आपल्यात आणि तो मला अन्याय वाटतो. थकलेले दोघंही आहोत.

सातपूर, सेकंड शिफ्ट

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. दीड खोलीचं तर नाहीच. तुम्ही ऑफिसवाल्या, म्हणजे घर मोठंच असणार असं मी गृहीत धरलं, ते चुकलं.

पण कीर्तन बंद करणार नाही. मागच्या लांब सीटवर, इंजिनाजवळ बसेन, तिथे तसाही दुसरा आवाज पुढे जात नाही. आणि मला कुणी "दादा, आवाज बारीक करा" म्हटलं तर करेन. "लाज वाटत नाही का" म्हटलं तर नाही करणार, आधीच सांगतो.

जेलरोडचा जुना रहिवासी

मी उद्या सकाळी बिटकोहून बसणार आहे. फोन आला तर शेजारच्या माणसाला आधी विचारीन, "मला कमी ऐकू येतं, दोन मिनिटं स्पीकर लावला तर चालेल का?" तो नाही म्हणाला तर काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही.