मदत हवी आहे: नणंदेला जुळी आहेत, वार (प्लॅसेंटा) एकच आहे. सातव्या महिन्यात माहेरी आणावी का?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव मालवण तालुक्यात, आचऱ्याजवळ. धाकटी नणंद डोंबिवलीला असते. वय २९, पहिलंच बाळंतपण. आज १९ आठवडे झाले. जुळी आहेत हे आठव्या आठवड्यातच कळलं होतं. घरात आनंद झाला, शेजारणींनी फोनवर "जोडकेळा खाल्लंस काय गो?" विचारून झालं, आणि सासूबाईंनी ठरवून टाकलं की पहिलं बाळंतपण माहेरीच, सातव्यात घेऊन यायचं.

परवा तिच्या नवऱ्याने बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला. मी फोटो मोठा करून वाचला. अगदी खाली एक ओळ होती, ‘एमसीडीए ट्विन्स, टी साइन’ (म्हणजे वार एक, पाण्याच्या पिशव्या दोन). तिला विचारलं तर म्हणाली, याबद्दल कुणी काही बोललंच नाही. मी अंगणवाडीत काम करते. गरोदर बायकांची वजनं, त्यांचा आहार हे माझं रोजचं काम. तरी जुळ्या-जुळ्यांत असा भेद असतो हे मलाही माहीत नव्हतं.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दिलं. खाली एक जाड पट्टा, ती वार. वर दोन गोल, म्हणजे दोघांच्या पाण्याच्या पिशव्या. मधला पडदा अगदी पातळ, आणि तो वारेला काटकोनात मिळतो, टी अक्षरासारखा. प्रत्येकाची वार वेगळी असती तर पडद्याच्या मुळाशी जाड त्रिकोणी पाचर दिसली असती. हा फरक अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सगळ्यात नीट दिसतो, पुढे ओळखणं कठीण होतं. मग त्यांनी पट्ट्यामध्ये दोन रेघा काढून एकमेकींना जोडल्या. वार एकच असल्याने दोघांच्या रक्तवाहिन्या आत जुळलेल्या असतात. कधी कधी एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. एक सुकतं, दुसऱ्यावर भार येतो. अशा जुळ्यांत शंभरात १० ते १५ जणींना हा त्रास होतो, आणि आईला बाहेरून बराच काळ काही कळत नाही. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी.

आणि हिला तिथल्या दवाखान्याने बाराव्यानंतर थेट विसाव्या आठवड्याच्या शेवटची तारीख दिली आहे. मधली एकही झालेली नाही. काल रात्रभर मला झोप नाही.

दुसरा प्रश्न माहेरपणाचा. हिशोब केला तर २८ वा आठवडा जुलैच्या मध्याला येतो आणि ३६ वा ऐन गणपतीत. इथून ओरोसच्या सरकारी रुग्णालयात तासभर, गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला अडीच-तीन तास. भर पावसात रात्री कळा आल्या तर? गणपतीत हायवे कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. पण डोंबिवलीत तिचं माणूस कुणी नाही, नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. सासूबाईंना ‘आणू नका’ म्हणायचं तर सूनच आडवी आली असं व्हायचं. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

— वाडीतली वहिनी

खाडीपलीकडे:
ताई, घाबरवायला लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझीही एकाच वारेवरची होती. एकविसाव्या आठवड्यात चार दिवसांत पोट ढोलासारखं ताणलं, आडवं पडलं की दम लागायचा. मला वाटलं गॅस, घरच्यांना वाटलं जुळी आहेत तर पोट मोठं दिसणारच. सोनोग्राफीत एकाभोवती पाणीच पाणी, दुसऱ्याभोवती जवळजवळ नाही, पडदा त्याच्या अंगाला चिकटलेला. मुंबईला दुर्बिणीतून लेसर करून त्या जोडलेल्या रक्तवाहिन्या बंद केल्या. माझी एकच मुलगी घरी आली. ती आता दुसरीत आहे. नणंदेला एवढंच सांगा, पोट अचानक वाढलं, ताणलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पाळणाघडी:
मी २२ वर्षं प्रसूती विभागात नर्स आहे. पहिली गोष्ट, दिलेल्या तारखेची वाट पाहू नका, उद्या सकाळीच फोन करा. ‘एमसीडीए आहे, सोळाव्यापासून एकही स्कॅन नाही’ असं स्पष्ट शब्दांत सांगा. तिथे ऐकलं नाही तर गर्भतज्ज्ञांकडे जा. दोघांभोवतीचं पाणी वेगवेगळं मोजलेलं हवं, दोघांच्या लघवीच्या पिशव्या दिसायला हव्यात, दोघांची वजनं लिहिलेली हवीत. पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा २ सेंटिमीटरच्या खाली गेला की कमी, विसाव्या आठवड्यापर्यंत ८ च्या वर गेला की जास्त. विसाव्याच्या स्कॅनमध्ये गर्भाशयाच्या तोंडाची लांबीही मोजून घ्या.

जुळ्यांत आईचं बीपी वाढायची आणि रक्त कमी व्हायची शक्यता जास्त. दर भेटीत बीपी आणि लघवी, मधूनमधून हिमोग्लोबिन. लोहाची गोळी चहाबरोबर नको. बीपीसाठी कमी डोसची ॲस्पिरिन लागेल का ते डॉक्टरांनाच विचारा, मनाने सुरू करू नका. आणि तिला पलंगावर झोपवून ठेवू नका. नुसतं पडून राहिल्याने जुळी जास्त दिवस टिकत नाहीत, पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका मात्र वाढतो.

एका वारेची, दोन पिशव्यांची जुळी सगळं ठीक असलं तरी साधारण ३६ आठवड्यांना जन्माला घालतात, पुढे थांबत नाहीत. त्याआधीच कळा यायचाही संभव असतो. तेव्हा ती जिथे राहील तिथे पंधरा दिवसांनी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी) सोनोग्राफी मिळाली पाहिजे आणि हाकेच्या अंतरावर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग पाहिजे, जिथे बाळांना ठेवायच्या दोन काचेच्या पेट्या मिळू शकतील. बाळ पोटात असताना हलवणं सोपं, जन्मल्यावर पेटीत घालून लांब नेणं फार अवघड. आणायचंच असेल तर २८ च्या आत आणा, आधी ओरोस किंवा बांबोळीला स्वतः जाऊन नाव नोंदवा, १०८ चा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. मला विचाराल तर मी आणणार नाही.

शेजारणींना सांगा, केळ्याचा काही संबंध नाही. एकाच गर्भाचे दोन झाले की अशी जुळी होतात, ते घराण्यातूनही येत नाही.

वाडीतली वहिनी:
दोघींचे मनापासून आभार. खाडीपलीकडे ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले.

सकाळी आठला फोन केला, संध्याकाळी पाचला दुसऱ्या डॉक्टरांकडे सोनोग्राफी झाली. पाणी एकाचं ४.१, दुसऱ्याचं ३.६. दोन्ही लघवीच्या पिशव्या दिसल्या. वजनं २९० आणि २६५ ग्रॅम. डॉक्टर म्हणाले एवढा फरक चालतो, पुढची तारीख बरोबर पंधरा दिवसांनी. फाइलवर लाल पेनने ‘एक वार’ लिहून दिलंय.

रात्री मी तो केसपेपर सासूबाईंसमोर ठेवला आणि चित्र जसं मला समजावलं तसं त्यांना समजावलं. त्या बराच वेळ त्या दोन जोडलेल्या रेघांवर बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तां हंय येवक नको. मीच जातंय." लग्न झाल्यापासून त्यांनी एकही गणपती घराबाहेर काढलेला नाही. यंदा नैवेद्याचं मी बघणार.

जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक येईल, म्हणून त्याआधीचं तिकीट बघतेय. एवढं कुणी सांगा, डोंबिवली-कल्याण-ठाणे भागात दोन पेट्यांचा एनआयसीयू असलेला दवाखाना निवडताना आधी काय काय विचारून घ्यावं? सासूबाई कागदावर लिहून नेणार आहेत.